बुधवारचे जांभळे धागे

दुपारी तीनला आमचं काम सुरू होतं. उद्या सकाळी जी पाती, म्हणजे कपाशीची कळी, उमलणार, ती आज ओळखायची. उमलायच्या आदल्या दिवशी कपाशीची पाती हिरव्या पानांतून वर डोकावते, फिकट पिवळी आणि पिळलेली. अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी लावायचं, गोल फिरवायचं आणि पाकळ्यांसकट आतले सगळे पुंकेसर टोपी काढावी तसे उपसून घ्यायचे. मागे उरतं ते मादीचं अंग. खाली इवलंसं हिरवं अंडाशय, त्यावर पांढरी काडी, काडीच्या टोकाला कुक्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टोकावर दुसऱ्या जातीच्या नर फुलाचा पराग घासला की संकरित बियाणं तयार.

अंडाशयावर एक पातळ पांढरा पापुद्रा असतो. त्याला नख लागलं की खेळ खलास, पाचव्या दिवशी बोंड गळून खाली पडतं. नख नेमकं कुठं थांबवायचं ते डोळ्यांना दिसत नाही, कारण आपलाच अंगठा आड येतो. ते बोटाला कळावं लागतं.

माझ्या बोटाला कळायचं. चौदा हंगाम मी हेच केलं. प्लॉट कळमेश्वरच्या अलीकडे, एका बियाणे कंपनीचा. नागपूरहून साहेब लोक गाडीने येतात, आम्ही गावातल्या बावीस बायका पायी येतो. चिन्मयी मॅडम, म्हणजे इथल्या शास्त्रज्ञ, दर हंगामाच्या पहिल्या दिवशी झाडाखाली तक्ता टांगून शिकवतात. याला जायांग म्हणायचं, हे अंडाशय, हा कुक्षीवृंत, ही कुक्षी. बायका तोंडाला पदर लावून हसतात. मी हसत नाही. माझं बारावीला सायन्स होतं. नापास झाले ती केमिस्ट्रीत, बायोलॉजीत नाही, हे मी प्रत्येकीला एकदा तरी ऐकवलेलं आहे.

मॅडमच्या नाजूक कामाला आधी माझं नाव निघायचं. एखाद्या जातीचं एकच झाड असलं, त्यावर सात-आठच पात्या असल्या, तर त्या म्हणायच्या, वंदनाबाईंना बोलवा. मी पदराला हात पुसत जायची आणि सगळ्या बायका बघायच्या. खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठी मी वर्षभर जगायची. घरी कुणी मला बोलावत नव्हतं, घरी मी असायचीच.

सकाळी पराग घासणाऱ्या बायकांची टोळी वेगळी. त्यात म्हाताऱ्या आणि नवख्या पोरी. ते काम कुणालाही जमतं, असं मी म्हणायची, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

आम्ही दुपारच्या बायका जोडीनं काम करतो. एका ओळीच्या अलीकडून एक, पलीकडून एक. एकाच झाडावर दोघींचे हात पडतात, म्हणून प्रत्येकीचा धाग्याचा रंग ठरलेला. नर काढून झाला की फुलावर लाल कागदी पिशवी घालायची, देठाला आपला धागा बांधायचा आणि त्या दिवसाची तारीख मारलेली चिठ्ठी अडकवायची. बोंड गळलं तर धाग्यासकट गळतं. दर शनिवारी सुपरवायझर श्रीधर ओळींमधून वाकून वाकून खाली पडलेले धागे वेचतो आणि कुणाचे किती ते वहीत लिहितो. ज्यांचे जास्त पडतात, त्यांचं नाव पुढच्या हंगामाच्या यादीत नसतं.

माझा धागा जांभळा. माझ्यासमोर माझी धाकटी जाऊ सुभद्रा, तिचा हिरवा. तिला प्लॉटवर मीच आणलं, आठ वर्षांपूर्वी. माझा दीर प्रेमानंद तिला कुठं एकटीला पाठवत नाही. मारत नाही, ओरडत नाही, फक्त म्हणतो, घरीच राहा. माहेरी जायचं तरी घरीच राहा, बचत गटाची मीटिंग असली तरी घरीच राहा. प्लॉटवर येऊ द्यायला तो तयार झाला, कारण मोठी वहिनी सोबत असते. सुभद्रा कामात हळू होती आणि मी तिला बोलायची. आठ वर्षं बोलत होते. ती ऐकून घ्यायची.

मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, ते येणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं. नखं जाणार हे कुणी सांगितलं नव्हतं. आधी काळी पडली, मग उजव्या अंगठ्याचं नख एके दिवशी आंघोळीच्या वेळी टॉवेलला चिकटून आलं. मी ते खिडकीत ठेवलं आणि बराच वेळ बघत बसले. रडले नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला येत, केळी ठेवून जात, मी मान हलवायची.

नख परत आलं. जुलैपर्यंत पुरतं वाढलं, जरा खडबडीत, पण आलं. बोटांची संवेदना मात्र आली नाही. चहाचा कप हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागे. ब्लाउजचे हूक आरशात पाहून लावायची. डॉक्टर म्हणाले होते, औषधाचा परिणाम आहे, काहींचा जातो, काहींचा राहतो. हे मी घरी कुणालाच सांगितलं नाही. माझे यजमान रुपराव एमआयडीसीत कामाला आहेत, ते म्हणाले, "यंदा राहू दे प्लॉट. घरी बस आराम करत."

"नख आलं आता," मी म्हणाले आणि अंगठा दाखवला.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी बायकांनी मला मधे घेतलं, कुणी गालाला हात लावला, कुणी केसांना. श्रीधर म्हणाला, "वंदनाबाई आल्या म्हणजे आता टेन्शन नाही." श्रीधर नागपूरच्या प्रताप नगरचा, मोटरसायकलच्या सीटवर रुमाल अंथरून बसतो, वाईट माणूस नाही. मी पातीला नख लावलं. काहीच कळलं नाही. नख पाकळीत आहे, पापुद्र्यात आहे की हवेत आहे, काहीच नाही. अंगठा दुसऱ्या कुणाचा तरी असावा आणि मी तो उसना आणलेला असावा, तसं. मी मान वाकडी करून बघून बघून नर काढले. दिवसअखेर उपसलेल्या पाकळ्यांची माझी टोपली सुभद्राच्या टोपलीपेक्षा कमी भरली होती.

दुसऱ्या शनिवारी ओळीखाली जांभळे धागेच धागे होते. श्रीधरच्या तळहातावर त्यांचा पुंजका झाला. तो माझ्याजवळ आला आणि हळू बोलला. "वंदनाबाई, काय झालं?"

"उन्हाचं गळून राहिलं."

"ऊन सगळ्यांनाच आहे ना. बाकीच्यांचे चार-पाच पडले, तुमचे एकतीस. या महिन्यात सुधारा. मला यादी द्यावी लागते, मॅडमचं काही चालत नाही त्यात."

मी बरं म्हणाले.  फक्त इतकं कळलं की हे गेलं तर मी घरात बसणार, खिडकीसमोर, आणि लोक केळी आणून ठेवणार. एवढं टाळायचं होतं. दुसरं मला काहीही नको होतं.

सोमवारी सुभद्रा म्हणाली, "बाई, तुमी फक्त नख चालवा. पिशव्या, धागे, चिठ्ठ्या मी करते दोघींच्या. तुमचं नख लवकर चालते, पुढे जाता येईन."

मला बरं वाटलं. पिशवीचा कागद माझ्या बोटांत धरवत नव्हता आणि धाग्याची गाठ तर मारताच येत नव्हती. पण मी त्याचा अर्थ असा घेतला की धाकटीनं थोरलीचा मान ठेवला. मी जांभळ्या धाग्यांची डबी तिच्याकडे दिली आणि पुढं सरकू लागले. मी नर काढायची, ती मागून येऊन पिशवी घालायची आणि धागा बांधायची. मधेमधे स्वतःच्या पात्याही करायची.

पुढच्या दोन शनिवारी जांभळे धागे पडले ते सात, मग पाच. श्रीधर म्हणाला, "आता बरोबर." मला वाटलं, हात सरावला. बोटांना कळत नसलं तरी चौदा वर्षांची सवय आहे, ती आपोआप काम करते. मी मॅडमना भेटून सांगितलं की नाजूक काम असेल तर द्या. त्यांनी सात नंबरच्या झाडाच्या पात्या मला दिल्या. मी आनंदानं घरी जाऊन पुरण केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं होतं.

हिरवे धागे मात्र खूप पडायला लागले होते. तिसऱ्या शनिवारी सव्वीस पडले. पाणी प्यायला सगळ्या जमल्या तेव्हा मी सुभद्राला म्हणाले, "नख लागून राहिलं तुह्यं. आठ वर्षं झाली, अजून समजत नाही तुले? लक्ष कुठं राहते?"

ती ग्लास धुवत होती. म्हणाली, "घाई होते बाई."

"घाई काहून करतं वं? मी तर दुप्पट करून राहिली, माह्ये पडते का?"

 एक-दोघी सुभद्राकडे बघत होत्या. तिनं ग्लास पालथा घातला आणि ओळीकडे गेली. मला तेव्हा तिची दया आली, हेही सांगून टाकते. मनात म्हटलं, बिचारीला जमत नाही.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी माझी तपासणी होती. सकाळच्या बसनं नागपूरला गेले. मी शब्द टाकला म्हणून त्या एका दिवसापुरतं प्रेमानंदनं सुभद्राला बाकीच्या बायकांसोबत प्लॉटवर जाऊ दिलं. डॉक्टर तरुण होते, नवीन होते. त्यांनी माझे हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले.

"डोळे मिटा. मी कापसाचा बोळा टेकवतो. लागलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले आणि वाट बघत बसले. बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. बराच वेळ झाला म्हणून मी डोळे उघडले. डॉक्टर कागदावर लिहीत होते.

"कधी लावता?" मी विचारलं.

"झालं. दहाही बोटांना लावून झालं." त्यांनी मान वर केली. "मागच्यापेक्षा कमी झालंय का काही?"

"नाही," मी म्हणाले.

तिथून सीताबर्डीला आले. जांभळ्या धाग्याचं रीळ संपत आलं होतं, नवीन घेतलं. दुकानदारानं पैसे परत दिले ते माझ्या बोटांतून खाली पडले, मी वाकून वेचले. बसमध्ये खिडकीशी बसून मी हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. बोटांना काहीच कळत नाही. मग फुलं टिकतात कशी? सवय आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. गोंडखैरीपर्यंत तेच सांगत राहिले.

गुरुवारी दुपारी प्लॉटवर गेले. आमच्या ओळीत शिरले आणि पहिल्याच झाडावर जांभळा धागा दिसला. त्यात काही विशेष नव्हतं. मग त्याच्याखालची चिठ्ठी दिसली. बुधवारची तारीख. मी पुढच्या झाडाकडे गेले. बुधवार, जांभळा. त्याच्या पुढे बुधवार, हिरवा. मग जांभळा, जांभळा. मी ओळीच्या टोकापर्यंत गेले. बुधवारच्या तारखेचे सतरा जांभळे धागे होते. बुधवारी मी नागपुरात होते.

वाकून एकेक फूल बघितलं. सकाळी पराग लावून पिशव्या काढलेल्या होत्या. जांभळ्या धाग्याचं प्रत्येक अंडाशय स्वच्छ होतं, एकालाही ओरखडा नव्हता. मग मी मंगळवारची फुलं शोधली, मी स्वतः केलेली. हिरवा धागा बांधलेलं एक अंडाशय एका अंगाला तपकिरी झालं होतं आणि त्या तपकिरी जागेत नखाच्या आकाराची चंद्रकोर होती. माझं नख खडबडीत आहे. ती चंद्रकोर खडबडीत होती.

मला सगळं कळलं. माझी फाटलेली फुलं ती आपल्या नावावर घेत होती आणि तिची चांगली माझ्या नावावर बांधत होती. आणि मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते.

सुभद्रा ओळीच्या त्या टोकाला पात्या बघत होती. तिनं मला पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"चांगलं आहे म्हणे."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

मी नख लावून पहिली पाती उघडली. ती मागून आली आणि पिशवी घालायला लागली. मी मागं वळून बघितलं नाही. गुरुवारी बघितलं नाही, शुक्रवारीही बघितलं नाही. मी बोलायला हवं होतं, हे मला दोन्ही दिवस माहीत होतं. बोलले असते तर माझं काम गेलं असतं. म्हणून नाही बोलले, इतकं सरळ आहे ते.

शनिवारी श्रीधर ओळीत शिरला आणि लवकर बाहेर आला नाही. मग त्यानं हजेरीची वही मागवली. मग चिन्मयी मॅडम आल्या. आम्हा दोघींना शेडमध्ये बोलावलं. टेबलावर बुधवारची एक चिठ्ठी आणि जांभळा धागा होता.

"बुधवारी वंदनाबाई गैरहजर होत्या," श्रीधर म्हणाला. "आणि बुधवारचे सतरा धागे त्यांचे आहेत. ओळीत बुधवारी सुभद्राबाई एकट्या होत्या." तो सुभद्राकडे वळला. "दोघींचे धागे तुम्हीच बांधता ना?"

"हो," सुभद्रा म्हणाली.

"तुमचे हिरवे जास्त पडून राहिले म्हणून आपली फुलं यांच्या नावावर टाकली तुम्ही. पडलं तर यांचं पडेल."

 तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ, आणि मग टेबलाकडे.

मॅडम म्हणाल्या, "श्रीधर, बुधवारची बोंडं टिकतात का ते तरी बघू. चार दिवसांत कळेल."

"मॅडम, टिकली काय अन् पडली काय, धागा खोटा आहे. एकीनं केलं तर उद्या सगळ्या करतील. यादी आज जायची आहे." मॅडमचा फोन वाजत होता. त्यांनी तो बघितला, बंद केला, परत वाजला.

श्रीधरनं मला विचारलं, "वंदनाबाई, बुधवारी तुमचे धागे बांधायला तुम्ही सांगितलं होतं का यांना?"

  माझ्या मनात काही आलं नाही. दोन वाक्यं पुरली असती: माझी बोटं मेली आहेत, ती माझी फुलं सांभाळत होती. ती वाक्यं मला येत होती. मी ती तोंडाशी आणलीच नाहीत.

"नाही," मी म्हणाले.

"सुभद्राबाई, तुम्हाला काही बोलायचं आहे?"

"माह्याकडून चूक झाली," सुभद्रा म्हणाली. श्रीधरनं यादीतलं तिचं नाव खोडलं आणि आता येऊ नका म्हणाला. तिनं कमरेची पिशवी सोडली, दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या, हिरव्या धाग्यांची आणि माझी. चपला घालून ती एकटी रस्त्याला लागली. एकटी जाताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा प्रेमानंद ओट्यावर बसला होता. म्हणाला, "वहिनी, बरं झालं. नसतं लचांड. आता घरीच राहीन ते." मी हो म्हणाले आणि आत गेले. आमची घरं एका भिंतीची आहेत. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाकी काही आवाज नव्हता.

पुढचा आठवडा मी एकटीनं ओळ केली. धागा दातात धरून गाठ मारायची. पिशव्या फाटायच्या. बायका माझ्याशी नीट बोलत होत्या, उलट जास्तच नीट. तुमच्याच घरातली असून तुमच्या जिवावर उठली, असं एक जण म्हणाली. मी पाणी पीत होते. पीत राहिले.

शनिवारी श्रीधरनं ओळीखालून बेचाळीस जांभळे धागे वेचले. सगळ्यांवर गेल्या शनिवारनंतरच्या तारखा होत्या. मग तो ओळीतून परत फिरला आणि बुधवारचे जांभळे बघत गेला. सतराच्या सतरा झाडावर होते, बोंडं बोटाच्या पेराएवढी झाली होती.  मी माझ्या जागी उभी होते. शेवटी तो आला आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "कधीपासून?"

"केमोपासून."

"मला सांगायचं ना. सकाळच्या टोळीत टाकलं असतं तुम्हाला. पराग घासायला काय लागतं? तीन बायका कमीच आहेत तिथं, सुरुवातीपासून." तो वैतागला होता, पण आवाज चढवला नाही. "सोमवारपासून सकाळी या."

"सुभद्राले बोलवा ना. मी सांगते मॅडमले सगळं."

"यादी गेली, बाई. आणि यंदाचं क्रॉसिंग, संकराचं सगळं काम, येत्या गुरुवारी बंद होते. आता बोलावून काय सांगू तिला?" त्यानं धागे खिशात घातले. "पुढच्या वर्षी बघू. मी शब्द नाही देत."

मी सरळ घरी आले नाही, सुभद्राच्या दारात गेले. ती पोळ्या लाटत होती. प्रेमानंद बाहेर गेलेला होता. मी उंबऱ्याशी बसले. तिनं माझ्याकडे पाहून पाटाकडे खूण केली, पण मी हलले नाही.

"बोटं गेली माह्यी," मी म्हणाले. "काहीच समजत नाही त्यातलं."

"मले माहीत आहे. हंगाम लागायच्या आधी तव्यावर बोट टेकलं होतं तुमचं. चर्र वाजलं अन् तुमी पोळी उलटवतच होत्या." तिनं लाटणं थांबवलं नाही. "म्हटलं, बाईले प्लॉट सोडून दुसरं काही नाही. मले तर तिथं ह्यानं फक्त तुमच्यामुळंच येऊ देलं. तुमी गेल्या की मीही जाणारच होती. म्हणून करून पाहिलं."

"अन् बुधवारी?"

"सवय लागली होती वं. एक हिरवा, एक जांभळा. बांधून झाल्यावर ध्यानात आलं का आज तुमी नाही. पण तवा चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या." ती किंचित हसली. "येडी आहो मी. अन् श्रीधरनं तुमाले विचारलं तवा तुमी तरी काय सांगणार? तुमाले काय माहीत होतं मी काय करून राहिली ते. तुमी खरं थेच सांगतलं. मी घरी येऊन लय इचार केला, पण तुमच्यावर राग नाही आला मले."

तिनं पोळी तव्यावर टाकली. मला गप्प बसून राहता आलं असतं. तिनं मला जागा करून दिली होती, चांगली, आयुष्यभर पुरेल अशी. मी त्या जागेवर बसले असते तर उद्यापासून ती पुन्हा मला बाई म्हणाली असती, भिंतीपलीकडून भाजीची वाटी आली असती.

"माहीत होतं मले," मी म्हणाले. "गुरुवारीच समजलं होतं. चिठ्ठ्या पाहिल्या होत्या मी."

सुभद्राचा हात तव्याजवळ थांबला. पोळी एका बाजूनं फुगली, मग खाली बसली, मग कडेनं काळी व्हायला लागली. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, रडेल. मला ते सगळं हवं होतं. तिनं गॅस बंद केला. करपलेली पोळी काढून बाजूला ठेवली आणि हात पिठाच्या परातीत पुसले.

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार," ती म्हणाली. "तीन दिवस माह्यासमोर उभ्या होत्या तुमी."

"हो."

"मग जा आता तुमी," ती म्हणाली. "घरी जा."

मी उठले.  माझ्या घराचं दार तिच्या दारापासून सहा पावलांवर आहे, तेवढं चालताना मला इतकी लाज वाटली की मी दारात पोचून आत जाऊ शकले नाही, बाहेरच उभी राहिले.